पूर ओसरल्यावर नदीत पोकलेन: आयरीन वादळानंतर व्हरमाँटमध्ये काय झालं

पूर ओसरला की दोन मागण्या सगळ्यांत आधी उठतात. एक पंचनाम्याची आणि मदतीची, दुसरी नदीतला गाळ काढण्याची. दुसरी मागणीही पहिलीइतकीच पोटतिडकीने केलेली असते. नदी उथळ झालेली समोर दिसत असते, पुलाखाली दगडगोट्यांचे ढीग असतात, आणि 'पात्र खोल असतं तर पाणी घरात शिरलं नसतं' हे कुणी वेगळं पटवून द्यावं लागत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणकरांनी वाशिष्ठी आणि शिवनदीसाठी हेच मागितलं, डिसेंबरमध्ये त्यासाठी साखळी उपोषण केलं, आणि पुढे गाळ निघालाही.

पण गाळ काढल्याने पूर खरोखर कमी होतो का? याला एका शब्दाचं उत्तर नाही. नदी कुठली, तिचा टप्पा कुठला, किती खोदलं आणि उपसलेलं कुठे टाकलं, यावर सगळं ठरतं. हे नीट उलगडून पाहायचं तर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तिथे 2011 साली एका वादळानंतर काही आठवड्यांत शेकडो ओढ्यांमध्ये यंत्रं उतरली. नंतर त्याच राज्याने त्या कामाचे परिणाम मोजले, आपले कायदे बदलले आणि पैशांचं गणितही बदललं.

व्हरमाँट हे ईशान्येकडचं डोंगराळ राज्य. पुणे आणि रत्नागिरी हे जिल्हे एकत्र केले तर जेवढं क्षेत्र होईल त्याहून थोडंसंच मोठं, आणि लोकसंख्या तेव्हा सव्वासहा लाखांच्या आसपास. समुद्रकिनारा नाही, त्यामुळे चक्रीवादळाची धास्ती रोजची नव्हती. आयरीन 27 ऑगस्ट 2011 ला नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आलं आणि उत्तरेकडे सरकत 28 तारखेला, रविवारी, न्यूयॉर्क ओलांडून व्हरमाँटवर पोचलं. तोवर ते हरिकेन राहिलं नव्हतं, त्याहून कमी वाऱ्याचं उष्णकटिबंधीय वादळ झालं होतं. वाऱ्याचा जोर उतरला होता, पाण्याचा नाही. काही ठिकाणी 11 इंच, म्हणजे सुमारे 280 मिलिमीटर पाऊस झाला. कोकणातल्या वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटेल. पण व्हरमाँटमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पडतो. वर्षाचा पाव हिस्सा त्या भागांत एका रविवारी कोसळला.

त्यात तिथली जमिनीची ठेवण. ग्रीन माउंटन्सच्या दोन्ही अंगांना अरुंद, उताराच्या दऱ्या आहेत. दरीच्या तळाशी ओढा, ओढ्याला खेटून रस्ता, रस्त्याला धरून गाव. डोंगरात सपाट जागा तेवढीच असते, म्हणून दीडदोनशे वर्षांपूर्वी गिरण्या, घरं, शाळा सगळं तिथेच वसलं. पाणी वाढलं तेव्हा ते घरांत शिरलं हे खरं, पण जास्त नासधूस केली ती काठ खाणाऱ्या प्रवाहाने. ओढ्यांनी आपली जागा बदलली, रस्त्याखालचा भराव पोखरला, घराच्या पायाखालची जमीन नेली. राज्याच्या ताब्यातल्या रस्त्यांपैकी 500 मैलांहून अधिक लांबीचं नुकसान झालं. 1870 साली बांधलेला बार्टन्सव्हिलचा लाकडी छपराचा पूल विल्यम्स नदीत कोसळून वाहून गेला. रॉचेस्टर गावात एका छोट्या ओढ्याने दफनभूमीचा काठ कापला आणि कबरींमधल्या शवपेट्या बाहेर पडल्या. पुरात घर गेलं तर माणूस पुन्हा बांधायला घेतो. आपल्या आईवडिलांची शवपेटी ओढ्याकाठच्या चिखलात शोधायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांच्या त्या दिवसांची कल्पनाही करवत नाही. वॉटरबरीला विनूस्की नदीचं पाणी सरकारी कार्यालयांच्या संकुलात शिरलं, तिथलं राज्याचं मनोरुग्णालय रिकामं करावं लागलं, आणि आपत्तीच्या वेळी सगळी सूत्रं जिथून हलायची ते केंद्रही तिथेच असल्याने त्यालाच जागा सोडावी लागली.

तेरा गावं पूर्ण तुटली. येण्याजाण्याचा एकही रस्ता उरला नाही. नॅशनल गार्डच्या, म्हणजे राखीव सैन्यदलाच्या, हेलिकॉप्टरनी अन्न, पाणी, औषधं पोचवली. पिट्सफील्डमध्ये त्याच शनिवार-रविवारी लग्न होतं, तिथले पाहुणेही गावात अडकले. वीज नव्हती, तेव्हा फ्रीजरमधलं मांस खराब होण्याआधी काढून सगळ्यांसाठी मिळून स्वयंपाक व्हायचा. रोज ठरलेल्या वेळी लोक एकत्र जमत: कुणाकडे जनरेटर आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कुठल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे आज कुणी गेलं नाही. व्हरमाँटच्या गावांत दरवर्षी मार्चमध्ये गावसभा भरते, गावाच्या खर्चावर लोक उभे राहून वाद घालतात आणि मतदान करतात. एकमेकांशी भांडायची आणि मग एकत्र निर्णय घ्यायची ही सवय त्या आठवड्यांत कामी आली असं मला वाटतं. जिथे लोक एकमेकांना नावानिशी ओळखतात आणि सभेची रीत आधीच ठाऊक आहे, तिथे मदत यायच्या आधीच अर्धं काम उरकतं.

किलिंग्टनच्या डोंगराकडून रटलंडला जाणारा मुख्य रस्ता मेंडनपाशी तुटला. लोकांनी जंगलातून सुमारे अर्ध्या मैलाची पायवाट काढली. अलीकडे गाडी लावायची, पायी पलीकडे जायचं, तिथून दुसऱ्या गाडीने कामाला. शाळेची मुलंही त्याच वाटेने जायची. बेथेल ते स्टॉकब्रिज हा व्हाइट नदीकाठचा 107 क्रमांकाचा रस्ता तर डिसेंबर संपता संपता खुला झाला. व्हरमाँटमध्ये नोव्हेंबरपासून जमीन गोठते, बर्फ पडतो, डांबर घालता येत नाही. म्हणजे ऑगस्टअखेर पूर आला आणि दुरुस्तीसाठी हातात जेमतेम दोन-अडीच महिने होते. पुढे जे घडलं ते या घाईशिवाय समजणार नाही.

पैशांचीही एक बाजू आहे. फेमा, म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती यंत्रणा, त्या वर्षी एका कुटुंबाला घरदुरुस्ती आणि इतर गरजा मिळून जास्तीत जास्त 30,200 डॉलर देऊ शकत होती. पाया वाहून गेलेलं घर एवढ्यात उभं राहत नाही. पुराचा विमा फार थोड्यांकडे होता. सगळ्यांत वाईट अवस्था झाली ती तयार घरं आणून ठेवलेल्या वस्त्यांची. ही स्वस्त घरं, आणि त्यांच्या वस्त्या बहुतेक वेळा नदीकाठच्या सखल जमिनीवर, कारण तीच जमीन स्वस्त. घर आपलं पण खालची जागा भाड्याची, अशा माणसाला भरपाई कशाची आणि कुठे परत बांधायचं, हा प्रश्न कागदावर सुटता सुटत नाही. सरकारी मदत जिथे संपत होती तिथून पुढे स्थानिक पुनर्वसन गटांनी काम उचललं. देणग्या गोळा केल्या, सुतार-प्लंबर स्वयंसेवक आणले, आणि प्रत्येक कुटुंबामागे एक माणूस नेमून त्याच्याकडून अर्ज, अपील, विम्याची पत्रं यांचा पाठपुरावा करवून घेतला. हे काम फोटोत दिसत नाही. पण पुरानंतर सहा महिन्यांनी, जेव्हा बातम्या थांबलेल्या असतात, तेव्हा कुटुंब तरतं ते अशाच माणसामुळे.

आता नदीकडे येऊ.

पूर ओसरला त्याच दिवसापासून यंत्रं ओढ्यांत उतरली. सुरुवातीला कारणं वाजवी होती. पुलाखाली ओंडके आणि दगड अडकले होते, ओढा रस्त्याच्या जागी वाहत होता, तो जुन्या पात्रात वळवल्याशिवाय रस्ता बांधता येत नव्हता. आणीबाणीत गावांना परवानगीची वाट न बघता काम सुरू करायची मुभा होती, आणि राज्याचे नदी-अभियंते मोजकेच असल्याने ते सगळीकडे पोचणं शक्यही नव्हतं. गव्हर्नर पीटर शमलिन यांच्या सरकारनेही पहिल्या दिवसांत कामं अडवायची नाहीत असा पवित्रा घेतला. पण पुलापुरतं सुरू झालेलं खोदकाम वर-खाली सरकत गेलं. यंत्र आहेच, तर आणखी थोडं साफ करू. पात्र सरळ केलं गेलं, रुंद केलं गेलं, मोठे दगड आणि पडलेली झाडं उचलली गेली, तळ एकसारखा सपाट झाला, आणि निघालेले गोटे दोन्ही काठांवर लांबच लांब बांधासारखे रचले गेले. रस्ता नाही, घर नाही, पूल नाही, अशाही ठिकाणी हे झालं. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाने नंतर पाहणी केली तेव्हा पुरानंतरच्या या कामांमुळे सुमारे 77 मैल, म्हणजे जवळजवळ 124 किलोमीटर लांबीच्या प्रवाहांची अवस्था फार बिघडल्याचं आढळलं. हे नुकसान पुराचं नव्हे, पुरानंतरच्या यंत्रांचं होतं.

यात दुष्ट कुणी नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. यंत्र चालवणारा गावातलाच होता, त्याचंही घर किंवा त्याच्या भावाचं घर पाण्यात गेलं होतं. नदीत काहीतरी करतोय हेच त्याला आणि काठावर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना धीर देणारं होतं. चूक त्यांच्या मनात नव्हती. नदी कशी वागते याचं गणित त्यांच्यापर्यंत कुणी आधी पोचवलं नव्हतं, एवढंच.

ते गणित असं. नदी पाण्याबरोबर दगड, गोटे, वाळू, माती असा माल वाहून आणत असते. पाणी किती आणि उतार किती, यावर ती किती माल आणि केवढा मोठा दगड पुढे नेऊ शकते हे ठरतं. अमेरिकन अभियंता एमरी लेन यांनी 1955 साली हे नातं तराजूच्या रूपात मांडलं: एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्यात गाळाचं प्रमाण आणि दगडाचा आकार. एक पारडं हललं की नदी दुसरं हलवून समतोल साधते. ती तळ खाते किंवा तळावर माल टाकते, वळणं घेते किंवा मोडते.

पात्र सरळ केलं की काय होतं बघा. नागमोडी नदी समजा 150 मीटर वाहत जाऊन तीन मीटर खाली उतरत होती. तिला सरळ करून तेच अंतर 100 मीटर केलं, तर तीच तीन मीटरची उतरण कमी लांबीत बसली. म्हणजे नदी दीडपट तीव्र झाली. पाणी वेगाने धावतं, त्याच्या अंगात जास्त ताकद येते, आणि ती ताकद तळ आणि काठ खाण्यात खर्च होते. वेग अडवणारे मोठे दगड, आडवी पडलेली झाडं, खोल डोह हे सगळं यंत्राने आधीच काढून टाकलेलं असतं.

खोल केलं तर? समजा 20 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल पात्र आहे. काठोकाठ भरलं तर छेदाचं क्षेत्रफळ 40 चौरस मीटर. अर्धा मीटर खोदलं तर 50 झालं. नेहमीच्या पावसाळी पाण्याला ही वाढ जाणवते, आणि दोन वर्षं लोक म्हणतात, 'बघा, पाणी आलं नाही'. पण मोठ्या पुराला 150 चौरस मीटर जागा लागत असेल, तर अर्धा मीटर खोदूनही 100 चौरस मीटरचं पाणी बाहेर पडणारच. ते आत मावेल एवढं खोदायचं तर दरीचा तळच काढावा लागेल. शिवाय खोदलेल्या खड्ड्यात पाणी मंदावतं, आणि मंदावलेलं पाणी आणलेला माल तिथेच टाकतं. डोंगरउतारावरून गोटे येत राहतात, त्यांना कुणी थांबवलेलं नसतं. पुढच्या एकदोन पुरांत खड्डा भरतो आणि खर्च पुन्हा उभा राहतो.

आणखी एक परिणाम दूरवर होतो, म्हणून तो लक्षात येत नाही. जिथे खोदलं तिथे नदीच्या तळाला एक पायरी तयार होते. त्या पायरीवरून पाणी जोरात पडतं आणि पायरीचा वरचा काठ खातं. ती पायरी मग पुरागणिक उगमाच्या दिशेने सरकत जाते. वरच्या वाडीत कुणी फावडंही लावलेलं नसतं, तरी तिथला तळ खचतो, पुलाच्या खांबांचे पाये उघडे पडतात, काठ उंच आणि उभे होऊन ढासळतात. खालच्या बाजूला उलट होतं. वरून ओरबाडून आलेला सगळा माल उतार कमी होतो तिथे, म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या गावाच्या पुलापाशी, येऊन पडतो. आपल्या गावाने खोदलं आणि शेजारच्या गावाने भोगलं, असं अनेकदा होतं, आणि दोघांनाही ते कळत नाही.

आणि काठावर रचलेले ते ढीग. नदीचं खरं सुरक्षा-साधन म्हणजे तिच्या बाजूचा सखल पूरपट्टा. पाणी वाढलं की तिथे पसरतं, उथळ होतं, मंदावतं, माती टाकून जातं. काठावर बांध घातला की पाणी पात्रातच कोंडतं, उंच होतं, आणि सगळी ताकद घेऊन खाली सुटतं. व्हरमाँटच्या नद्यांचं हे दुखणं आयरीनच्याही आधीचं. एकोणिसाव्या शतकात मेंढपाळीसाठी तिथले डोंगर उघडेबोडके केले गेले, माती दऱ्यांत उतरली, मग रस्ते-रेल्वेसाठी नद्या सरळ केल्या, 1970 च्या दशकातल्या पुरांनंतर पुन्हा सरळ केल्या, आणि 1980 च्या दशकात बंधनं येईपर्यंत पात्रातून खडीही उपसली जात होती. परिणामी तपासलेल्या प्रवाहांपैकी बहुतेकांचा तळ इतका खचला होता की पूर आला तरी पाणी शेजारच्या पूरपट्ट्यावर चढतच नव्हतं. आयरीनचं पाणी अशा नाळेसारख्या पात्रांतून धावलं. पूर वाढवायला मागच्या शंभर वर्षांचं खोदकाम होतं, आणि पुराला उत्तर म्हणून पुन्हा खोदकामच झालं.

याउलट ऑटर क्रीक या नदीवर काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. रटलंडला आयरीनच्या वेळी तिचा प्रवाह एका दिवसात वीसपट वाढून सुमारे 15,700 क्युसेकवर गेला आणि नदीने नासधूस केली. तिथून साधारण 30 मैल खाली मिडलबरी गाव आहे. वाटेत आणखी ओढे मिळतात, म्हणजे तिथे पाणी वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात मिडलबरीला पाणी चढलं ते बऱ्याच दिवसांनी, आणि सावकाश, सहा हजार क्युसेकच्या आसपास. मधल्या पट्ट्यात मोठी पाणथळ जमीन आहे, ती कुणी भरलेली नाही की बांध घालून तोडलेली नाही. पुराचं पाणी तिथे पसरून बसलं आणि आठवडाभर झिरपत खाली आलं. व्हरमाँट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली हिशेब मांडला, तेव्हा त्या पाणथळीने आयरीनच्या एका पुरात मिडलबरीचं सुमारे 18 लाख डॉलरचं नुकसान टाळल्याचं निघालं. ती जमीन राखायला त्या रात्री कुणाला काहीच करावं लागलं नव्हतं. बेनिंग्टनमध्ये रोअरिंग ब्रँच या अवखळ ओढ्याचे जुने बांध आयरीनच्या आधीच्या काही वर्षांत काढून त्याला पसरायला जागा करून दिली होती. तिथेही त्याचा उपयोग झाला.

मग नदीत यंत्र कधीच उतरवू नये का? तसं नाही. पुलाची किंवा मोरीची वाट बुजली असेल तर ती मोकळी केलीच पाहिजे. प्रवाह घराच्या भिंतीवर धडकत असेल तर तो वळवावा लागतो. डोंगरातून ओढा एकदम सपाटीला येतो तिथे गोट्यांचा पंखा पसरतो, आणि त्या पंख्यावरच वस्ती असेल तर काही वर्षांनी उपसा करावाच लागतो. गावाने तो खर्च कायमचा आहे हे धरूनच चालावं. प्रश्न मर्यादेचा आहे. पात्राची मूळची रुंदी, खोली आणि वळण ध्यानात घेऊन तेवढंच काढायचं, मोठे दगड पात्रातच ठेवायचे, आणि निघालेला माल काठावर न टाकता पूरपट्ट्याबाहेर न्यायचा.

व्हरमाँटने हा धडा कागदावर कसा उतरवला ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. 2012 च्या कायद्याने आणीबाणीतल्या नदीकामांसाठीही नियम करायला लावले: काम लगेच सुरू करा, पण ठरावीक वेळेत राज्याला कळवा, आणि धोका टळेल एवढंच करा. परिवहन आणि नैसर्गिक साधनसंपत्ती या दोन विभागांनी मिळून रस्ताकामगार, ठेकेदार आणि यंत्रचालकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. त्यात वाळू भरलेल्या लांब टेबलावर पाणी सोडून छोटी नदी तयार करतात. एक वळण हाताने सरळ केलं की थोड्याच वेळात वरचा काठ कसा ढासळतो आणि खालच्या पुलापाशी वाळू कशी साचते, हे चालक स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पुढच्या पुराच्या रात्री अभियंता पोचणार नाही, यंत्रावर हाच माणूस बसलेला असेल, म्हणून शिकवायचं त्याला.

मोऱ्यांचाही वाद झाला. वाहून गेलेली मोरी आधीच अरुंद होती, म्हणून गावं मोठी बांधायला निघाली. फेमाचं म्हणणं असं की पूर्वी होती तेवढ्याच आकाराचे पैसे मिळतील, मोठ्या आकारासाठी राज्यात सगळीकडे सारखा लागू असलेला नियम दाखवा. तसा नियम नव्हता, म्हणून मग राज्याने तो केला: मोरी किंवा पूल निदान काठोकाठ भरलेल्या पात्राइतका रुंद असला पाहिजे.

ऑक्टोबर 2014 पासून पैशांची सांगडही बदलली. आपत्तीनंतर सार्वजनिक दुरुस्तीचा 75 टक्के खर्च फेमा देते, उरलेले 25 टक्के राज्य आणि गाव वाटून घेतात. ज्या गावाने काहीच तयारी केलेली नाही त्याला राज्य साडेसात टक्के देतं. पूरविम्याच्या योजनेत सहभाग, रस्ते-पुलांचे निकष, आपत्कालीन आराखडा आणि धोका कमी करण्याचा आराखडा एवढं केलेल्या गावाला साडेबारा, आणि त्यावर नदीला हलायला लागणाऱ्या पट्ट्यात नवं बांधकाम रोखलं तर साडेसतरा. दहा लाख डॉलरच्या दुरुस्तीत तयारी नसलेल्या गावाला स्वतःचे पावणेदोन लाख घालावे लागतात, पूर्ण तयारी असलेल्याला पाऊण लाख. गावसभेत नदीबद्दल बोलताना हा फरक भाषणापेक्षा जास्त काम करतो.

काही घरं कायमची हलली. फेमाच्या आणि राज्याच्या पैशांतून शंभराहून अधिक पूरग्रस्त घरं मालकांच्या मर्जीने विकत घेतली गेली, पाडली गेली, आणि ती जमीन यापुढे मोकळी ठेवायची अट घातली गेली. नॉर्थफील्डमध्ये डॉग नदीकाठी अशाच घरांच्या जागी भराव काढून जमीन खाली घेतली आणि बाग केली. पूर आला की बाग बुडते. हे सोपं नव्हतं. घर गेलं की गावाचा कर जातो, शेजार मोडतो, आणि त्याच गावात परवडेल असं दुसरं घर दरीबाहेर मिळतच नाही. हा प्रश्न व्हरमाँटमध्ये अजूनही सुटलेला नाही. जुलै 2023 मध्ये राज्याची राजधानी माँटपीलियर आणि जवळचं बॅरी ही शहरं पाण्याखाली गेली, बरोबर वर्षाने जुलै 2024 मध्ये पुन्हा पूर आला, आणि दोन्ही वेळा 'नद्या खोदा' ही मागणी परतली. दरम्यान 2024 च्या कायद्याने नदीच्या पट्ट्यातल्या बांधकामाचा अधिकार गावोगावच्या नियमांवर न सोडता टप्प्याटप्प्याने राज्याकडे घ्यायचं ठरवलं.

चिपळूणला यातलं सगळंच्या सगळं लागू होत नाही. वाशिष्ठी व्हरमाँटच्या ओढ्यांसारखी गोट्यांची, उताराची नदी फक्त वरच्या अंगाला आहे. शहरापाशी ती सपाटीला येते, दाभोळ खाडीची भरती जवळजवळ गोवळकोटपर्यंत चढते, आणि कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेलं पाणीही तिच्यातच येतं. सपाटीवर साचलेली नवी बेटं आणि भरावामुळे चिंचोळं झालेलं पात्र मोकळं करणं इथे योग्यच आहे, आणि ते मागणाऱ्यांना वेड्यात काढणं अन्यायाचं आहे. पण भरतीच्या पातळीखालची खोली आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे तिथे खोदलेल्या प्रत्येक मीटरचा फायदा वरच्या टप्प्यात खोदलेल्या मीटरइतका मिळत नाही. ऐन भरतीत पाऊस कोसळला तर खोल पात्रही पाणी पटकन समुद्रात टाकू शकत नाही. आणि डोंगर उघडे पडत राहिले, घाटात रस्त्याची कापाकापी होऊन माती ओहोळांत उतरत राहिली, तर गाळ परत येणारच.

त्यामुळे किती घनमीटर गाळ काढला, हा एकटा आकडा अपुरा आहे. काढलेला गाळ नेमका कुठे टाकला, तो निळ्या रेषेच्या, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या आत तर नाही ना, हे नागरिकांना नकाशावर बघता आलं पाहिजे. बहादूरशेख नाक्यापासून खाडीपर्यंत ठरावीक जागा निवडून तिथले पात्राचे छेद दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून जाहीर केले, तर एका पावसाळ्यात किती गाळ परत भरतो हे चार-पाच वर्षांत कळेल. त्यावरून उपशावर किती खर्च करायचा आणि वरच्या ओहोळांवर, डोंगरउतारांवर आणि शहराच्या वरच्या अंगाला पाणी पसरायला जागा राखण्यावर किती, हे नगरपालिकेला आणि जलसंपदा विभागाला आकडे समोर ठेवून ठरवता येईल.